सही झाली, आता हा कागद ठेवायचा कुठे?

मृत्युपत्र करायचं ठरवण्यात माणसं कित्येक वर्षं घालवतात. मग एक दिवस मसुदा होतो, साक्षीदार येतात, सह्या होतात आणि तो कागद कपाटातल्या एखाद्या फायलीत जातो. घरात कुणाला विचारलं तर उत्तर येतं, "केलंय त्यांनी, असेल कुठेतरी." या 'कुठेतरी'मुळे पुढे घरच्यांचे महिनोन् महिने जातात, आणि तेही ते दुःखात असताना.

या कागदाकडून आपल्याला दोन गोष्टी हव्या असतात आणि त्या एकमेकींच्या आड येतात. आपण हयात असेपर्यंत त्याला कुणाचा हात लागू नये, आणि आपण गेल्यावर तो योग्य माणसाला लगेच सापडावा. नुसता कडेकोट बंदोबस्त केला तर दुसरी गोष्ट हुकते, सगळ्यांना ठाऊक असलेल्या खणात ठेवला तर पहिली. खालच्या पायऱ्या या दोन्ही साधण्यासाठी आहेत. डिजिटल प्रतीचं कामही तेच आहे, पण ती मृत्युपत्राची जागा घेत नाही. तिच्याकडे पुढे येतोच.

कागद हरवला तर काय होतं, याचं एक जुनं उदाहरण आहे. लॉर्ड सेंट लिओनार्ड्स हे इंग्लंडमधले मोठे कायदेपंडित, १८५२ मध्ये लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे तिथल्या न्यायव्यवस्थेचे प्रमुख झालेले. १८७५ मध्ये ते वारले. मृत्युपत्र एका पेटीत असतं, हे घरात माहीत होतं. पेटी उघडली तेव्हा आत आठ पुरवण्या, म्हणजे मृत्युपत्रात नंतर केलेल्या बदलांचे कागद निघाले, मूळ मृत्युपत्र मात्र नव्हतं. त्यांची मुलगी शार्लट हिला त्यातल्या तरतुदी चांगल्या ठाऊक होत्या. तिने आठवणीतून मजकूर सांगितला आणि १८७६ मध्ये अपील न्यायालयाने तो बहुतांशी ग्राह्य धरला. पण त्याआधी कोर्टाला एक अडसर पार करावा लागला. इंग्लिश कायद्याच्या परंपरेत असं गृहीत धरतात की, मृत्युपत्र शेवटी करणाऱ्याच्याच ताब्यात होतं आणि आता सापडत नाही, म्हणजे त्यानेच ते रद्द करण्यासाठी नष्ट केलं असावं. तसं झालेलं नाही, हे सिद्ध करण्याचा भार घरच्यांवर येतो. शार्लटसारखी स्मरणशक्ती असलेलं माणूस प्रत्येक घरात नसतं.

पहिली पायरी : सहीच्या दिवशीच तपासणी, त्यानंतर हात लावायचा नाही

साक्षीदार समोर असतानाच कागद एकदा शेवटचा बघून घ्या. पानांचे क्रमांक सलग आहेत ना, प्रत्येक पानावर सही किंवा आद्याक्षरं आहेत ना, तारीख आहे का, साक्षीदारांची पूर्ण नावं आणि पत्ते वाचता येतात का. चूक दिसली तर ती आत्ताच, सगळ्यांसमोर, वकील सांगतील तशी दुरुस्त होते. चार दिवसांनी घरी बसून पेनाने केलेली खाडाखोड ही दुरुस्ती ठरत नाही, ती शंकेला जागा करून देते.

सही कोणत्या पेनाने झाली, हेही बघा. मागच्या रबराने घासून पुसता येणारी शाई सुमारे ६० अंश सेल्सियस उष्णतेला दिसेनाशी होते. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतही कागद बराच तापू शकतो. असं पेन वापरलं गेलं असेल तर नवा कागद काढून साक्षीदारांसमोर पुन्हा सह्या करणं, हाच खात्रीचा उपाय आहे.

यापुढे मूळ कागदावर काहीही लिहायचं नाही. समासात टीप नाही, पेन्सिलीची खूण नाही, 'मूळ प्रत' असा शिक्काही नाही. जे लिहायचं ते लखोट्यावर.

आणि स्टेपल काढायची नाही. ही गोष्ट मी जितक्यांना सांगते तितकी मला कमीच वाटते. माझ्या मावशीचं मृत्युपत्र झेरॉक्ससाठी दिलं होतं. दुकानातल्या मुलाने पानं सुटी केली, यंत्रात घातली आणि पुन्हा नीट स्टेपल करून दिली. त्याने ते चांगुलपणानेच केलं होतं. पुढे ते कागद वकिलांच्या हातात गेले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, कोपऱ्यात भोकांची दुसरी जोडी कसली? एखादं पान बदललं गेलं असेल का, एखादी पुरवणी जोडलेली होती आणि ती काढली का, असे प्रश्न त्यातून उभे राहतात. इंग्लंडमध्ये मृत्युपत्रावर टाचणीची, पिनेची किंवा काढलेल्या स्टेपलची खूण दिसली तर कागदाच्या स्थितीबद्दल निवेदन देऊन खुलासा करावा लागू शकतो. आमच्याकडे साक्षीदार हयात होते म्हणून निभावलं. त्यामुळे पेपरक्लिपही लावू नका. तिचा दाब कागदावर उमटतो, गंज धरला तर डाग पडतो आणि इथे काय जोडलं होतं, हा प्रश्न मागे राहतो.

दुसरी पायरी : मूळ प्रत एकच ठेवा

'एक माझ्याकडे, एक मुलाकडे' म्हणून दोन प्रतींवर सह्या करण्याचा मोह होतो. दोन असल्या म्हणजे सुरक्षित, असं वाटतं. प्रत्यक्षात उलटं होऊ शकतं. दोन्ही मूळ असतील आणि तुमच्याकडची सापडली नाही, तर तुम्ही ती फाडून मृत्युपत्र रद्द केलंत का, हा प्रश्न दुसरी प्रत समोर असूनही उभा राहतो. सह्या एकाच प्रतीवर करा. बाकीच्या प्रतींवर ठळक अक्षरांत 'प्रत' असं लिहा.

तिसरी पायरी : कागदाची निगा

लॅमिनेशन अजिबात नको. ते उष्णतेने होतं, पुन्हा निघत नाही, आणि त्यामुळे सही व कागद तपासणं अवघड होऊन बसतं. चिकटपट्टीही नको, तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो.

प्लास्टिकच्या फोल्डरचं एक लक्षात ठेवा. पीव्हीसीचे मऊ, उग्र वासाचे फोल्डर लेझर प्रिंटची अक्षरं हळूहळू स्वतःवर ओढून घेतात. मग पान बाहेर काढताना मजकूर फोल्डरलाच चिकटून येतो. पॉलिप्रॉपिलीनचा किंवा पॉलिएस्टरचा फोल्डर चालतो. साधा, जाड, आम्लरहित कागदाचा लखोटा तर उत्तमच. पानं घडी न घालता मावतील एवढा मोठा घ्या.

लखोट्यावर तुमचं पूर्ण नाव, 'मृत्युपत्र, मूळ प्रत', सहीची तारीख, पानांची संख्या आणि व्यवस्थापकाचं, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणाऱ्या एक्झिक्युटरचं नाव लिहा. पाचव्या पायरीतलं स्कॅन झालं की लखोटा बंद करून जोडावर सही करा. आतला मजकूर गुप्त राहतो, पण लखोटा हातात आल्याबरोबर हे काय आहे ते कळतं.

चौथी पायरी : जागा

सगळ्यांत जास्त विचार इथे करावा. बिनधोक अशी एकही जागा नाही, प्रत्येकीत काही ना काही उणं असतं.

घरी ठेवणार असाल तर अग्निरोधक तिजोरी घ्या, पण तिच्यावरचं वर्गीकरण वाचून. 'यूएल ७२' या तिजोऱ्यांच्या अग्निरोधाच्या अमेरिकी मानकातला ३५० वर्ग कागदासाठी असतो. ठरलेल्या वेळेपर्यंत आतलं तापमान ३५० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे १७७ अंश सेल्सियसच्या वर जात नाही. कागद तेवढ्यात टिकतो. त्याच तिजोरीत ठेवलेला पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क मात्र टिकेल असं नाही, कारण डिजिटल साधनांसाठी वेगळा १२५ वर्ग आहे, त्याची मर्यादा १२५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ५२ अंश सेल्सियस. एकाच तिजोरीत दोन्ही ठेवून निर्धास्त होणाऱ्यांनी हे जरूर बघावं. अग्निरोधक तिजोरीच्या भिंतींतल्या भरावात पाण्याचा अंश असतो. त्यामुळे आत दमटपणा साचतो आणि कागदाला बुरशी लागू शकते. अधूनमधून ती उघडून वारा लागू द्या. तिजोरी छोटी असेल तर जमिनीला किंवा भिंतीला पक्की करा, नाहीतर चोर ती तशीच उचलून नेतो.

बँकेचा लॉकर आग आणि चोरीपासून चांगला. अडचण येते ती तुम्ही गेल्यावर. लॉकर एकट्याच्या नावावर असेल तर तो उघडायला बँक अधिकाराचा कागद मागते, आणि तो अधिकार ज्या मृत्युपत्रातून मिळायचा ते आतच असतं. काही ठिकाणी मृत्युपत्र शोधण्यापुरता लॉकर उघडायची सोय असते. खातेदार गेल्यावर लॉकर कुणाला, कोणत्या कागदांवर उघडून मिळतो, हे आपल्या बँकेला आधी विचारा. लॉकर दुसऱ्या विश्वासू माणसाबरोबर संयुक्त असेल आणि त्यालाही तो एकट्याने उघडता येत असेल, तरच मी ही जागा सुचवीन.

वकिलाकडे ठेवत असाल तर लेखी पोच घ्या. पोचेवर तारीख आणि पानांची संख्या असू द्या. कार्यालय बंद झालं, दुसऱ्याकडे गेलं किंवा वकील निवृत्त झाले तर कागद कुणाकडे जाईल, हे त्याच वेळी विचारा. वकील वयाने तुमच्याहून मोठे असतील तर हा प्रश्न टाळू नका, त्यात अपमान काही नाही.

चौथी सोय फार कमी लोकांना माहीत असते. अनेक देशांत मृत्युपत्र सरकारी ताब्यात देता येतं. भारतात १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम ४२ ते ४६ नुसार जिल्हा निबंधकाकडे सीलबंद लखोट्यात मृत्युपत्र जमा करता येतं, हयातीत परतही घेता येतं, आणि मृत्यूनंतर अर्ज आल्यावर निबंधक ते अर्जदारासमोर उघडतात. इंग्लंडमध्येही न्यायव्यवस्थेकडे ते जमा करण्याची तरतूद आहे. जर्मनीत २०१२ पासून मध्यवर्ती मृत्युपत्र नोंदवही आहे. तिच्यात मजकूर नसतो, कागद कुठे ठेवला आहे एवढंच असतं. मृत्युपत्रांची नोंद ठेवण्यासाठी युरोपीय देशांनी १९७२ मध्ये बाझल इथे करारही केला. घरात वाद होतील अशी शंका असेल, किंवा कागद गायब झाल्याने कुणाचा फायदा होणार असेल, तर सरकारी ताबा मला सगळ्यांत बरा वाटतो.

कोणाकडे ठेवू नये, तेही सांगते. ज्याला मृत्युपत्रातून सगळ्यांत जास्त मिळणार आहे त्याच्या एकट्याच्या ताब्यात नको, आणि ज्याला सगळ्यांत कमी मिळणार आहे त्याच्याही नको. माणूस कितीही प्रामाणिक असला तरी पहिल्यावर संशय येतो, आणि दुसऱ्याला आपण उगाच पेचात टाकतो.

पाचवी पायरी : डिजिटल प्रत काढणं

डिजिटल प्रत कशासाठी, हे आधी स्पष्ट असू द्या. बहुतेक ठिकाणी न्यायालयाला शाईच्या सह्यांचा मूळ कागदच लागतो. भारताच्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातून मृत्युपत्र वगळलेलं आहे, आणि अमेरिकेच्या त्याच वर्षीच्या इलेक्ट्रॉनिक सह्यांच्या संघीय कायद्यातूनही. अमेरिकेतल्या काही राज्यांनी नंतर इलेक्ट्रॉनिक मृत्युपत्राला वाट करून दिली, नेवाडाने तर २००१ मध्येच. पण तेही त्या त्या कायद्याच्या रीतीने केलेलं मृत्युपत्र असावं लागतं. कागदाचं स्कॅन करून ते तसं होत नाही.

मग स्कॅनचा उपयोग काय? मूळ कागद कुठे आहे ते सांगणं, त्यात काय होतं याचा पुरावा ठेवणं आणि पानं बदलली गेल्यास ते उघड करणं. मूळ हरवलंच, तर काही कायद्यांत प्रतीवरून प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र ग्राह्य असल्याचा न्यायालयाचा दाखला, मिळण्याचा मार्ग असतो. भारतीय उत्तराधिकार कायद्याचं, १९२५ चं, कलम २३७ त्याचसाठी आहे. तिथे स्पष्ट, पूर्ण प्रत हाताशी असली तर शार्लटसारखी परीक्षा द्यावी लागत नाही.

स्कॅन स्वतः करा किंवा समोर उभं राहून करून घ्या. पानं सुटी न करता सपाट काचेच्या स्कॅनरवर एकेक उलटून ठेवा, आपोआप पानं ओढणाऱ्या यंत्रात घालू नका. कोपरा दुमडलेला दिसला तरी चालेल. स्कॅन रंगीत हवं, म्हणजे निळी शाई आणि शिक्का वेगळे दिसतात. स्कॅनची बारकाई ३०० डीपीआय (दर इंचाला ठिपके) पुरते, सह्यांचं पान ६०० वर घ्या. कोऱ्या पाठीमागच्या बाजूही घ्या, तिथे काही लिहिलेलं नव्हतं याचा तोच पुरावा. शेवटी बंद लखोट्याच्या दोन्ही बाजू.

मोबाइलवर काढायचं असेल तर दिवसाच्या उजेडात, कॅमेरा कागदाच्या बरोबर वर धरून. स्कॅनची ॲप कागद पांढराशुभ्र करायला जातात आणि त्यात फिकी आद्याक्षरं पुसली जातात. तो फिल्टर बंद ठेवा.

सगळी पानं एकाच फाइलमध्ये घ्या. शक्य असेल तर 'पीडीएफ/ए' या प्रकारात जतन करा. दीर्घकाळ टिकवण्याच्या दस्तऐवजांसाठी २००५ मध्ये ठरलेलं हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. मात्र या प्रकारात फाइलवर पासवर्ड घालायला परवानगी नाही. म्हणून फाइल साधी ठेवा आणि ती ज्या फोल्डरमध्ये किंवा झिप संचात जाईल त्याला एन्क्रिप्शन, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणारं कुलूप लावा. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा, म्हणजे जुनी-नवी क्रमाने लागतात. उदाहरणार्थ 'मृत्युपत्र-प्रत-२०२५-०३-१४'.

फाइलच्या पहिल्या पानावर एक ओळ जोडा : ही केवळ प्रत आहे, मूळ अमुक ठिकाणी आहे. ही ओळ संगणकावरच टाका, कागदावर नाही. घाईत फाइल उघडणाऱ्याला सगळ्यांत आधी तीच दिसली पाहिजे.

सहावी पायरी : तीन ठिकाणं आणि एक किल्ली

संगणकाच्या जगातला ३-२-१ हा नियम इथे चपखल बसतो : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. तुमचा संगणक, एक बाहेरची हार्ड डिस्क आणि एक क्लाउड खातं, एवढं पुरे. नुसत्या पेनड्राइव्हवर विसंबू नका. वर्षानुवर्षं न वापरता पडून राहिला तर त्यातला विद्युतभार झिरपतो आणि फाइल वाचता येत नाही.

घरच्यांच्या चॅट ग्रुपवर ही फाइल टाकू नका. चित्र असेल तर ते बहुतेक वेळा दाबून लहान होतं, आणि एकदा पसरलेली प्रत परत बोलावता येत नाही.

खरी अडचण पासवर्डची असते. तो फक्त तुमच्या डोक्यात असेल तर प्रत असून नसल्यासारखी. पासवर्ड कागदावर लिहून बंद लखोट्यात व्यवस्थापकाकडे द्या. फाइल एकाकडे आणि पासवर्ड दुसऱ्याकडे, अशी विभागणीही चांगली. पासवर्ड मृत्युपत्रात लिहू नका, प्रोबेटनंतर मृत्युपत्र अनेक ठिकाणी सार्वजनिक दस्तऐवज होतं.

क्लाउड खात्याचीही व्यवस्था लावून ठेवावी लागते. गूगलच्या धोरणाप्रमाणे दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं, आतल्या फायलींसकट, पुसलं जाऊ शकतं. त्याच गूगलमध्ये निष्क्रिय खात्याच्या व्यवस्थापनाची सोय आहे. तीन ते अठरा महिन्यांची मुदत तुम्ही ठरवायची, तेवढा काळ खातं वापरलं गेलं नाही तर नेमलेल्या व्यक्तीला कळवलं जातं आणि तुम्ही निवडलेला भाग उतरवून घेता येतो. ॲपलने २०२१ च्या अखेरीस वारसा संपर्काची सोय आणली. त्यात नेमलेल्या व्यक्तीला एक प्रवेश-किल्ली मिळते, आणि नंतर ती व मृत्यूचा दाखला दोन्ही द्यावे लागतात. ती किल्ली छापून पासवर्डच्या लखोट्यातच ठेवा.

सातवी पायरी : ठावठिकाण्याचं पान

एका पानावर लिहा : मूळ मृत्युपत्र कुठे आहे, किल्ली कुणाकडे आहे, वकिलांचं नाव आणि फोन, व्यवस्थापक कोण, सहीची तारीख, पानं किती, डिजिटल प्रत कोणकोणत्या ठिकाणी. कुणाला काय मिळणार, यातलं अक्षरही इथे नको. हे पान निदान दोघांकडे हवं, त्यातला एक व्यवस्थापक आणि दुसरा वेगळ्या घरात राहणारा. आतला मजकूर हयातीत सांगावा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण जागा सांगायलाच हवी, यावर मी ठाम आहे.

पुढे बदल झाले तर

नवं मृत्युपत्र केलंत तर जुन्याच्या मूळ प्रतीचं काय करायचं, ते वकिलाला विचारा. काही जण ते नष्ट करायला सांगतात, तर काही 'रद्द' लिहून ठेवायला, म्हणजे नवं कुठे अडलं तर जुन्याचा आधार राहतो. डिजिटल प्रतींत मात्र गोंधळ नको. जुनी फाइल 'रद्द' नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा, तिन्ही ठिकाणी. पुरवणी केली तर तिचाही वेगळा लखोटा करा, ती मुख्य कागदाला टाचू नका. लग्न झालं तर कायदा आधी बघा. इंग्लंडमध्ये लग्नाने आधीचं मृत्युपत्र सहसा रद्दच होतं.

वर्षातून एक दिवस ठरवा. लखोटा जागेवर आहे का, सील शाबूत आहे का, कागदाला दमट वास येतोय का, हे बघा. डिजिटल प्रत दुसऱ्याच यंत्रावर, लिहून ठेवलेल्या पासवर्डने उघडून पाहा, आठवणीतल्या पासवर्डने नाही. मग व्यवस्थापकाला फोन करा आणि विचारा, "आज गरज पडली तर तुम्ही तो कागद कुठून आणाल?" त्यांना उत्तर देता आलं नाही तर ठावठिकाण्याचं पान त्याच दिवशी पुन्हा त्यांच्या हातात द्या.